एकाच कोचनं भारताला दोन आशियाई सुवर्णपदकं जिंकून दिली, ते रहीम साहेब संघ कसा निवडायचे?

सप्टेंबर १९६२. जकार्ताच्या आशियाई खेळांमध्ये भारताचा फुटबॉल संघ उपांत्य फेरीत पोचला होता. समोर होता दक्षिण व्हिएतनाम. आणि भारताच्या कोचपुढे एक पेच होता.

संघाचा सगळ्यात भरवशाचा बचावपटू जर्नेल सिंग थायलंडविरुद्धच्या सामन्यात जखमी झाला होता. डोक्याला टाके पडलेले. सेंटर हाफच्या जागेवर खेळणाऱ्याला दर दोन मिनिटांनी उंच चेंडू डोक्यानं परतवावा लागतो. त्या जागी त्याला उभं करणं म्हणजे धोका, आणि बाहेर बसवणं म्हणजे संघातला सगळ्यात ताकदवान गडी गमावणं. कुठल्याही कोचनं यातला एक पर्याय निवडला असता.

या कोचनं तिसराच निवडला. बचावाची जबाबदारी अरुण घोष यांच्याकडे दिली आणि डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेल सिंगला थेट सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे पाठवलं. बॅकला गोल करायला सांगितलं. जर्नेलनं उपांत्य सामन्यात एक गोल केला आणि अंतिम सामन्यातही एक. भारत सुवर्णपदक जिंकला.

हा जुगार वाटतो. पण हा निर्णय घेणारा माणूस जुगारी नव्हता, तो शाळामास्तर होता. नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू त्यांना रहीम साहेब म्हणायचे. २०२४ मध्ये अजय देवगणचा ‘मैदान’ सिनेमा आला आणि त्यांचं नाव नव्या पिढीला कळलं. पण सिनेमात दिसतो तो ड्रेसिंग रूममधला आवेश. रहीम साहेबांचं खरं काम त्याच्या कितीतरी आधी, हैदराबादच्या मैदानांवर, अगदी शांतपणे सुरू झालं होतं.

मास्तर ते कोच

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. तेव्हा हैदराबादवर निजामाचं राज्य होतं. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले, तिथे फुटबॉल खेळले, पदवी घेतली आणि शिक्षक झाले. हैदराबादच्या वेगवेगळ्या शाळांमध्ये त्यांनी शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. म्हणजे मैदानावर जाण्याआधी त्यांनी वर्ग सांभाळला होता. कुठल्या पोराला काय येतं, काय येत नाही आणि न येणारी गोष्ट त्याच्या गळी कशी उतरवायची, हे त्यांचं रोजचं काम होतं.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि शेवटपर्यंत त्या पदावर राहिले. सोबत हैदराबाद सिटी पोलीस या संघाची सूत्रंही त्यांच्याकडे आली.

या पोलीस संघाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. कुलाब्याजवळच्या कूपरेज मैदानावर तेव्हा रोव्हर्स कप ही मोठी स्पर्धा व्हायची. आता ती बंद पडली आहे, पण त्या काळी ड्युरँड कप आणि आयएफए शिल्डच्या बरोबरीनं तिचं नाव घेतलं जायचं. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा कप हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. कोलकात्याचे मोठमोठे क्लब मैदानात असताना एका पोलीस खात्याचा संघ मुंबईत येऊन दरवर्षी कप उचलून न्यायचा.

या संघाकडे असं काय होतं, जे मोठ्या क्लबांकडे नव्हतं?

ड्रिब्लिंगला बंदी, आवडत्या पायाला बंदी

तेव्हाच्या भारतीय फुटबॉलमध्ये हिरो कोण? जो चेंडू पायाशी ठेवून तीन-चार जणांना चकवत पुढे जातो तो. प्रेक्षक त्याच्यासाठीच यायचे. रहीम साहेबांना हे कौतुक मान्य नव्हतं. त्यांचं गणित साधं होतं. माणूस कितीही वेगात पळाला तरी चेंडूपेक्षा वेगात पळू शकत नाही. मग चेंडूलाच का पळवू नये?

हे त्यांनी भाषण देऊन सांगितलं नाही. त्यांनी हैदराबादमध्ये अशा स्पर्धा भरवल्या, ज्यात ड्रिब्लिंगच करायचं नाही. चेंडू आला की पास द्यायचा. नियमच तो असल्यामुळे खेळाडूला चेंडू यायच्या आधीच मान वर करून बघावं लागायचं की आपला माणूस कुठे आहे. पास द्यायचा असेल तर समोर कुणीतरी मोकळं हवं, म्हणून ज्याच्याकडे चेंडू नाही त्यालाही पळावं लागायचं.

दुसरी स्पर्धा याहून अवघड. तिच्यात आपल्या कमजोर पायानंच खेळायचं. उजव्या पायाच्या माणसानं डावा वापरायचा आणि डाव्या पायाच्या माणसानं उजवा. पहिले काही दिवस मैदानावर नुसता गोंधळ. पण महिन्याभरात त्या पायात जीव यायला लागतो. दोन्ही पाय चालणारा खेळाडू दोन्ही बाजूंना खेळू शकतो, त्याला कुठे वळायचं याचा अंदाज समोरच्याला येत नाही आणि पास द्यायला त्याला चेंडू पायावर घ्यायचा वेळ लागत नाही.

थोडक्यात, ज्या पोराला जे येत नाही, तेवढंच त्याच्याकडून करून घ्यायचं. ही मास्तरांची पद्धत होती. आणि त्यांच्या संघनिवडीचं मूळ इथेच सापडतं. एखाद्या खेळाडूला एकच जागा येत असेल, तर कोचच्या हातात एकच पर्याय राहतो. त्याला दोन-तीन जागा येत असतील, तर अकरा माणसांतून कितीतरी संघ तयार होतात.

पोरं हेरण्यातही त्यांची नजर अशीच होती. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातला तुलसीदास बलराम हा गरीब घरातला मुलगा. सरावाला शहरात यायचे पैसे नव्हते. रहीम साहेबांनी त्याच्या येण्याजाण्याचा खर्च स्वतः उचलला. हाच बलराम पुढे चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी यांच्या बरोबरीनं भारताच्या आघाडीचा तिसरा खांब झाला.

अनवाणी सुवर्ण आणि हेलसिंकीतले १० गोल

१९५१ मध्ये पहिले आशियाई खेळ दिल्लीत झाले. भारताचे कोच होते रहीम. कर्णधार शैलेन मन्ना. भारतानं इंडोनेशियाला ३-० आणि अफगाणिस्तानला ३-० हरवलं. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध साहू मेवालालनं एकमेव गोल केला आणि भारताला सुवर्णपदक मिळालं.

आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळायचे. पायाला चेंडूचा स्पर्श कळतो, म्हणून अनेकांना बूट नकोच असायचे. दिल्लीतल्या कोरड्या मैदानावर ते खपून गेलं.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीचं ऑलिम्पिक होतं. तिथली थंडी, ओलं गवत आणि समोर युगोस्लाव्हियाचा संघ. भारत १०-१ असा हरला. तेव्हाही कोच रहीमच होते.

या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. पण बूट घातले म्हणजे सगळं सुटलं असं नव्हतं. आणखी एक अडचण होती. भारतात तेव्हा सामने ७० मिनिटांचे व्हायचे, ऑलिम्पिकमध्ये ९० मिनिटांचे. म्हणजे शेवटची २० मिनिटं आपल्या खेळाडूंनी आयुष्यात कधी खेळलेलीच नसायची. ज्या वेळी समोरचा संघ जोर वाढवतो, नेमकं तेव्हा आपले पाय थकायचे. म्हणून रहीम साहेबांच्या शिबिरात दमसासाला फार महत्त्व आलं. कौशल्य असूनही जो ९० मिनिटं पळू शकत नाही, तो त्यांच्या दृष्टीनं अर्धाच खेळाडू होता.

तिसरी गोष्ट होती मांडणीची. ती जरा समजून घेऊ.

जुन्या पद्धतीत दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड असायचे. भारतात हीच पद्धत मुरलेली. पाच जण पुढे आणि मागे फक्त दोघं, म्हणजे समोरचा संघ वेगवान असला की मागे भगदाड. युरोपात तिसरा बॅक आला आणि बहुतेक संघ त्या पद्धतीनं खेळू लागले. तिच्यात प्रत्येकाला आपला माणूस ठरलेला. समोरच्या सेंटर फॉरवर्डला आपल्या सेंटर हाफनं धरायचं, हा पक्का नियम.

हंगेरीनं हाच नियम त्यांच्यावर उलटवला. १९५३ मध्ये त्यांनी इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ असं हरवलं. हिदेगकुटी हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड पुढे उभाच राहिला नाही. तो मागे मधल्या फळीत आला. इंग्लंडच्या सेंटर हाफला कळेना की त्याच्या मागे जावं की जागेवर थांबावं. मागे गेला तर गोलसमोर मोकळी जागा, आणि थांबला तर हिदेगकुटी मोकळा. दोन्हीकडून मार.

रहीम साहेबांनी हा विचार उचलला आणि भारतीय संघात आणला. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलनं ४-२-४ ही मांडणी जगभर गाजवली. त्याच्या आधीच रहीम साहेब त्या दिशेनं प्रयोग करत होते, असं भारतीय फुटबॉलमध्ये आजही सांगितलं जातं. पण नक्कल करून हे जमणारं नव्हतं. मागे येणारा फॉरवर्ड, पुढे धावणारा हाफ, बाजू बदलणारा विंगर, हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा खेळाडूंना एकमेकांची कामं येतात आणि चेंडू झटपट फिरतो. ड्रिब्लिंगबंदीच्या आणि कमजोर पायाच्या त्या स्पर्धांचा उपयोग इथे झाला.

मेलबर्न आणि मुंबईचा नेव्हिल

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला तेव्हा कर्णधार होते समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. हंगेरीनं माघार घेतल्यामुळे भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. पुढचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी.

भारतानं तो ४-२ असा जिंकला. तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. मूळचा गोव्यातल्या आसगावचा आणि मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेला हा फॉरवर्ड ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू ठरला. स्पर्धेत त्यानं एकूण चार गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत तो संयुक्त पहिला आला.

उपांत्य सामन्यात समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत ०-० अशी बरोबरी. मध्यंतरानंतर नेव्हिलनं गोल केला आणि भारत चक्क पुढे गेला. चार वर्षांपूर्वी १० गोल खाल्लेला संघ त्याच प्रतिस्पर्ध्यावर आघाडी घेऊन उभा होता. ती आघाडी मात्र टिकली नाही. युगोस्लाव्हियानं काही मिनिटांत दोन गोल केले आणि सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानं भारताला ३-० हरवलं. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमधली भारताची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गट अवघड होता. भारत हंगेरीशी १-२ असा झुंजून हरला. फ्रान्सला भारतानं १-१ असं बरोबरीत रोखलं आणि पेरूकडून १-३ अशी हार पत्करली. पदक नाही, पण १० गोलांचा काळ मागे पडला होता.

याच संघात रहीम साहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता. हकीम चांगले खेळाडू होते आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंचही झाले. पण रोममध्ये त्यांना एकाही सामन्यात मैदानात उतरायला मिळालं नाही. बाप कोच असूनही.

जकार्ता: नावं नाही, कामं निवडायची

१९६२ मध्ये जकार्ताला जाताना रहीम साहेब आजारी होते. कॅन्सरनं त्यांचं शरीर पोखरायला सुरुवात केली होती. संघ मात्र त्यांच्या हातून घडलेला सगळ्यात तयार संघ होता. कर्णधार चुनी गोस्वामी. उजव्या विंगवर पी. के. बॅनर्जी. सोबत बलराम. मागे जर्नेल सिंग, अरुण घोष, चंद्रशेखर, त्रिलोक सिंग. मधल्या फळीत प्रशांत सिन्हा आणि गोव्यातल्या कोलवाळचे, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे फोर्तुनातो फ्रँको. शिवाय हाफ आणि फॉरवर्ड दोन्ही खेळू शकणारा हैदराबादचा युसूफ खान.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं भारताला २-० हरवलं. पुढचे सामने हरले असते तर घरी परतावं लागलं असतं. भारतानं थायलंडला ४-१ आणि जपानला २-० हरवलं. पण थायलंडच्या सामन्यात जर्नेल जखमी झाला आणि सुरुवातीला सांगितलेला तो पेच उभा राहिला.

आता तो निर्णय पुन्हा बघा. रहीम साहेबांनी जखमी माणसाला नुसतं कुठेतरी बसवलं नव्हतं. जर्नेल तरुणपणी पुढच्या फळीत खेळला होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचा दणकट देह समोरच्या बचावाला हैराण करेल, हेही. अरुण घोष मागची जागा सांभाळू शकतात, याची खात्री होती. म्हणजे एका जखमेमुळे दोन जणांची कामं बदलली आणि दोघंही त्या कामाला आधीपासून तयार होते. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला. दोन गोल चुनी गोस्वामींचे, एक जर्नेलचा.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. इथे दुसरा मोठा निर्णय होता गोलकीपरचा. उपांत्य सामन्यात प्रद्युत बर्मन खेळले होते. संघ जिंकत होता. जिंकणाऱ्या संघात बदल करू नये, असा क्रीडाजगतातला जुना समज. पण पीटर थंगराज तापातून उठले होते. सहा फुटांहून उंच, अनुभवी, उंच चेंडूंवर झेप घेणारे. कोरियाला थोपवायला रहीम साहेबांना तेच हवे होते. बर्मन बाहेर बसले. बर्मन यांनी काही चूक केली म्हणून नव्हे, तर या सामन्याचं काम वेगळं होतं म्हणून.

वातावरणही भारताच्या विरोधात होतं. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला या खेळांसाठी प्रवेश दिला नव्हता. त्यावर ऑलिम्पिक चळवळीतले भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि जकार्ता भारतावर भडकलं. भारतीय दूतावासावर हल्ला झाला. लाखभर प्रेक्षकांचं स्टेडियम भारताची हुर्यो उडवत होतं.

आदल्या रात्री रहीम साहेबांनी खेळाडूंकडे एकच भेट मागितली, उद्याचं सुवर्णपदक. त्या संघातल्या खेळाडूंनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली.

१७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला. २० व्या मिनिटाला जर्नेल सिंगनं. शेवटच्या काही मिनिटांत कोरियानं एक गोल फेडला, पण थंगराज आणि बचावफळीनं पुढे काही होऊ दिलं नाही. ज्या संघानं स्पर्धेच्या सुरुवातीला २-० हरवलं होतं, त्याच संघाला भारतानं २-१ हरवलं.

त्यांच्यानंतर

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी रहीम साहेब गेले. वय ५३.

त्यानंतरही भारतानं काही चांगले दिवस पाहिले. १९६४ च्या आशिया चषकात भारत दुसरा आला, १९७० च्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळालं. पण हे यश बहुतांश त्याच पिढीच्या आणि तिच्या लगेच मागून आलेल्या खेळाडूंचं होतं. १९६० नंतर भारतीय पुरुष फुटबॉल संघ एकाही ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही. आशियाई खेळांत आजवर फुटबॉलची दोन सुवर्णपदकं आहेत, १९५१ आणि १९६२ ची. दोन्ही वेळी कोच एकच होते.

असं का झालं, याचं एकच उत्तर देता येणार नाही. जगाचा खेळ बदलला, इतर आशियाई देशांनी पैसा आणि यंत्रणा उभी केली, आपल्याकडे ७० मिनिटांचे सामने पुढेही बराच काळ चालू राहिले. पण रहीम साहेबांच्या गोष्टीतून एक कारण स्पष्ट दिसतं. त्यांचं ज्ञान त्यांच्यापाशी होतं आणि त्यांनी घडवलेल्या खेळाडूंपाशी होतं. ते देशभरातल्या शाळांत, क्लबांत, कोचच्या प्रशिक्षणात उतरवायचं काम कुणी केलं नाही. हा फुटबॉल रहीम साहेब आपल्यासोबत घेऊन गेले, अशी खंत त्यांच्याच खेळाडूंनी पुढे बोलून दाखवली.

आज भारतीय फुटबॉलची चर्चा निघाली की सुविधा, परदेशी कोच आणि लीगच्या पैशांवर बोललं जातं. ते सगळं लागतंच. पण ड्रिब्लिंगबंदीच्या स्पर्धेला काय लागलं होतं? एक मैदान, एक चेंडू आणि नियम मोडला की शिट्टी वाजवणारा एक मास्तर. पोरगं १२ वर्षांचं असताना डावा पाय शिकलं, तर २२ व्या वर्षी कोचला त्याला हव्या त्या जागी उभं करता येतं. जर्नेल सिंगला पुढे पाठवायचा निर्णय जकार्तात एका दिवसात झाला असेल. तो घेता येईल असा संघ तयार करायला मात्र वीस वर्षं लागली होती.